एक्केचाळीस दिवसांचं पाणी

३१ जानेवारी, शनिवार

ही वही आज कर्जत स्टेशनजवळच्या दुकानातून घेतली, आणि घेतली ती रागाने. कॉलेजात भोईर मॅडमनी आम्हाला फील्डबुकं वाटली आणि वर नियम ऐकवले. फील्डबुकात फक्त दिसलं ते लिहायचं. 'बहुतेक' नको, 'मला वाटतं' तर मुळीच नको. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी विचारलं, "मग मला वाटतं ते कुठे लिहू?" मॅडम म्हणाल्या, "घरी." सगळी बारा नंबरची खोली हसली. म्हणून ही वही.

बारा नंबरमध्ये आता दर शनिवारी आमचा संशोधन कट्टा. शेवटच्या वर्षाची नऊ मुलं, सगळ्यांचे विषय वेगळे, आणि कोणीही कोणालाही प्रश्न विचारायचा. रुचिताचं रसायनशास्त्र, ती पाणी तपासणार. खालापूरचा विकास कॉमर्सचा, तो हायवेवरच्या धाब्यांवर किती अन्न वाया जातं ते मोजणार. मी, अपेक्षा रोकडे, भूगोल. आमच्या पोशीर गावच्या तीन विहिरी रोज मोजणार आणि उन्हाळ्यात कुठली किती उतरते ते सांगणार. ऐकायलाच किती कंटाळवाणं आहे.

पण चांगलं जमलं तर एप्रिलमध्ये अलिबागला विद्यार्थी परिषदेत मांडता येईल, आणि मग मॅडम पुण्याला एम.ए.साठी शिफारसपत्र देतील. नाहीतर पप्पांनी माथेरानला ते काम करतात त्या हॉटेलात मॅनेजरशी बोलून ठेवलंच आहे. मेपासून रिसेप्शनवर. पप्पांना त्यात माझं भलं दिसतं. मला नुसत्या विचाराने गुदमरतं.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिली मोजणी. टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचा, काठापासून पाण्यापर्यंत किती ते वाचायचं. आकडा जितका मोठा तितकं पाणी खाली. रोज एकाच जागेवरून मोजता यावं म्हणून तिन्ही काठांवर लाल ऑइलपेंटची खूण केली.

गावविहीर ११ फूट २ इंच. हिरामणकाकांच्या शेतातली ९ फूट ८. आमच्या बौद्धवाडीची ११ फूट ११.

वाडीत मोजताना बायका हंडे घेऊन भोवती जमल्या. चंद्रभागा आत्या सगळ्यांत पुढे. ती नात्याने आत्या नाही, पण अकराही घरांची आत्या. गावविहिरीवर आमच्या लोकांना हात लावू देत नव्हते तेव्हा तिच्या वडिलांनी, हिरूबाबांनी, चौघांना घेऊन ही विहीर खणली. ते ती दिवसातून एकदा तरी सांगतेच.

"हे मोजून काय मिळतं गं?"

"मार्क."

"पाण्याचे मार्क?"

"हो आत्या, जेवढं पाणी तेवढे मार्क. सरक जरा, खूण ओली आहे."

मला उशीर होत होता आणि टेप गुंतला होता. बायका मात्र गंभीर चेहऱ्याने विहिरीत डोकावल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहिण्यासारखं काही घडत नाही. तिन्ही विहिरी रोज इंच-इंच उतरतात आणि मी लिहिते. हेच संशोधन असेल तर कोणीही करेल.

विहारात वंदनेनंतर बायका एका कोपऱ्यात कुजबुजत होत्या. मी गेले तशा गप्प झाल्या. मी पुण्याला जाणार म्हणते यावरूनच चाललं असणार. आईसुद्धा त्यांच्यात होती याचं वाईट वाटलं.

१२ फेब्रुवारी

सोमवारपासून एक चांगली गोष्ट झाली आहे. सकाळचे दोन हंडे मी भरायचे ते आईने काढून घेतले. "तू तुझं मोज अन जा कालेजला. पाण्याचं मी बघते." मी दोनदा विचारलं नाही.

विहिरीवरही आता सगळ्या शहाण्यासारख्या वागतात. मी साडेसहाला पोचते तेव्हा कोणी रहाट सोडलेला नसतो. माझं आधी होऊ देतात. आत्या तेवढी काठावर बसलेली असते आणि रोज विचारते, "किती आलं गं?" आज सांगितलं, १२ फूट ६. काल होतं तेवढंच. तर हसली आणि उठून गेली.

२० फेब्रुवारी

आज घरात भांडण. डाळ शिजली नव्हती, पाच शिट्ट्या होऊनही कडक. मी म्हटलं, डाळ जुनी आहे. आई म्हणाली, "डाळीला नावं ठेवू नको, खा गप." गुडघ्याला तेल लावत बसली होती. हल्ली रोजच लावते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर "उन्हाळा जाऊ दे." गुडघ्याचा आणि उन्हाळ्याचा काय संबंध?

मी दिवसभर चिडलेली असते. कशावर, ते कळत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज कट्ट्यावर माझी पाळी होती. तीन विहिरींच्या तीन रेषा फळ्यावर काढल्या आणि काढताकाढता माझाच हात थांबला. दोन रेषा सरळ खाली जातात. गावविहीर १३ फूट ७, हिरामणकाकांची १२ फूट २. आमची ८ फेब्रुवारीपर्यंत त्यांच्यासारखीच उतरते आणि मग जवळजवळ आडवी. १२ फूट ८!

मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यांना उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "आतून झरा असेल का?" असं स्वतःशीच म्हणाल्या.

विकासने घाण केली. "धाब्यावर कढईत किती उरलं ते बघून किती खपलं ते कळत नाही. आवक-जावक दोन्ही लागतं. तुझ्या विहिरीतून रोज किती उपसतात?"

"अकरा घरं आहेत. नेहमी उपसतात तेवढंच."

"मोजलंस?"

"मग काय लोक पाणी प्यायचे थांबलेत?" मी म्हटलं. सगळे हसले. या वेळी माझ्या बाजूने हसले. गाडीत बसल्यावर त्या हसण्याचं फार बरं वाटलं.

४ मार्च

हिरामणकाकांच्या विहिरीवर मोजत होते तेव्हा ते बांधावर आले. माझी वही बघून म्हणाले, "तुमच्या वाडीची बारावरच? गेल्या साली याच दिवसांत तळ दिसत होता गं पोरी. मीच टँकरला फोन लावला होता."

"यंदा पाऊस जास्त झाला ना काका."

"पाऊस काय तुमच्याच वाडीत पडला?"

त्यांना आमच्या विहिरीचं कौतुक नको असेल. पण काका तसे नाहीत. मग तसं का बोलले असतील? दिवसभर डोक्यात तेच होतं.

११ मार्च

निबंधाचा सारांश अलिबागला गेला. शीर्षक मी दिलं, मॅडमनी फक्त एक शब्द बदलला: 'न आटणारी विहीर: पोशीर बौद्धवाडीतील भूमिगत झऱ्याचा शोध'. खाली माझं नाव आणि मार्गदर्शक म्हणून मॅडमचं. मी ते मोबाइलवर दहा वेळा वाचलं. आईला वाचून दाखवलं तर तिने डोळे पुसले आणि लगेच आत्याकडे गेली सांगायला.

१४ मार्च, शनिवार

झरा सापडला! निदान पुरावा तरी. रुचिताने फेब्रुवारीत तिन्ही विहिरींचं पाणी तपासलं होतं. परवा आमच्या विहिरीचा दुसरा नमुना मागितला, तो मी काल नेऊन दिला. पहिल्यांदा जडपणा सत्तर आला होता, आता तीनशे दहा. म्हणजे साबणाला फेस येणार नाही असं जड पाणी. "हे खोल खडकातलं पाणी आहे," रुचिता म्हणाली. मी तिला मिठीच मारली. खोल खडकातलं म्हणजे झराच.

मॅडमनी विचारलं, "नमुना कुठून घेतलास?"

"विहिरीतून, मॅडम."

खोटं होतं. काल उशीर झाला होता. बाटली मी घरातल्या माठातून भरली. पण माठात पाणी विहिरीचंच असतं, मग फरक काय पडतो? मॅडमनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

तरी हे इथे लिहून ठेवते. फील्डबुकात लिहिता आलं नाही.

१९ मार्च

कॉलेजला सुट्टी. सकाळपासून घरात आतबाहेर, आतबाहेर. आई म्हणाली, "एका जागी बस गं, डोकं फिरलं माझं."

ती बाटली डोक्यातून जात नाही. अलिबागला कोणी विचारलं की नमुना कोणी घेतला, कधी, किती खोलवरून, तर काय सांगू? शेवटी उठले, बाटली धुतली आणि विहिरीतून सरळ भरून घेतली. उद्या रुचिताला देते. आकडा तोच येईल आणि माझं खोटं खरं होईल.

२१ मार्च, शनिवार

बहात्तर.

रुचिताने दोनदा तपासलं. बहात्तर. म्हणजे विहिरीचं पाणी फेब्रुवारीत होतं तसंच आहे.

मग माठात तीनशे दहाचं पाणी कुणाचं?

कट्ट्यावर मी काही बोलले नाही. रुचिताने विचारलं तर म्हटलं, बाटली नीट धुतलेली नसेल. घरी आले तेव्हा आई गॅससमोर उभी होती. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. मी मोजल्या. जड पाण्यात डाळ शिजत नाही.

२२ मार्च, रविवार

पावणेपाचला जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. हंडेही नव्हते. विहिरीवर गेले तर कोणी नाही. काठावर बसून राहिले. उजाडायला लागलं तशी बांधावर रांग दिसली. नऊदहा बायका, डोक्यावर भरलेले हंडे, पुढे चंद्रभागा आत्या, मागे लंगडत माझी आई. भरलेल्या विहिरीला वळसा घालून त्या डोक्यावरून पाणी आणत होत्या.

मला बघून सगळ्या थांबल्या.

"आई, हे कुठलं पाणी?"

"फारमहाऊसच्या बोअरचं. गोदा तिथं कामाला हाय, ती नळ सोडते. शनवार-रविवार मालक येतो, म्हणून लवकर जायला लागतं."

"आणि ही विहीर?"

आत्या बोलली. "तूच म्हणालीस ना, जेवढं पाणी तेवढे मार्क? मंग उपसून कसं चालंल? गावविहिरीचं अन आपल्या विहिरीचं तू एकाच कागदावर लिवतेस. माझ्या बापाची विहीर त्या कागदावर खाली कशी येऊ देऊ मी?"

"कधीपासून?"

"विहारात ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. कापडं बी नदीवर नेतो आमी."

मी असं कधी म्हणाले? घरी येऊन या वहीची मागची पानं उलटली. १ फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात आहे.

९ फेब्रुवारी ते २१ मार्च. आजचा सोडून एक्केचाळीस दिवस.

दुपारी मी फार्महाऊसपर्यंत चालत गेले आणि पावलं मोजली. जाताना बाराशे, येताना बाराशे. आईच्या रोजच्या दोन खेपा. मला रडू आलं आणि त्याच वेळी तिचा भयंकर रागही आला. एवढ्या दिवसांत एकदा तरी बोलायचं ना!

२३ मार्च

काल टेप सोडलाच नाही, आजही मोजायला गेले नाही. या पहिल्याच सुट्ट्या.

अलिबागला कोणालाही काही कळणार नाही. आकडे खोटे नाहीत, टेपने जे दाखवलं तेच मी लिहिलं. दुसरी बाटली रुचिता विसरून जाईल. बायका मेल्या तरी बोलणार नाहीत. आज दिवसभर मी हेच घोकत होते आणि दर वेळी पुढे तोच प्रश्न येत होता. परिषद होईपर्यंत आई अजून वीस दिवस चालणार का?

त्याचं उत्तर द्यायला मला संध्याकाळ झाली याची लाज वाटते.

२४ मार्च

मॅडमना सगळं सांगितलं. माठाचंही. त्यांनी फील्डबुकाची पानं चाळली. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी नमुन्याचं सांगताना तू माझ्याकडे बघितलं नव्हतंस. मी पुन्हा विचारायला हवं होतं. पण मलाही तो झरा हवा होता गं. एकोणीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला असं काही सापडलं नव्हतं."

मग स्वतःची पट्टी माझ्यापुढे सरकवली. "रेघ मार. एकच. वाचता आलं पाहिजे."

एक्केचाळीस रेघा मारल्या.

"यातलं आता काहीच कामाचं नाही ना मॅडम?"

"विहिरीबद्दल नाही," मॅडम म्हणाल्या.

शीर्षक छापायला गेलंय, बदलणार नाही. जायचं की नाही ते तू ठरव, म्हणाल्या.

२५ मार्च

बायकांना विहिरीवर बोलावून सांगितलं. पाण्याचे मार्क नसतात, मी चिडून बोलले होते, चूक माझी. आजपासून आधी तुम्ही भरा, मग मी मोजते. विहीर उतरली तर उतरली, उतरते तेच मला लिहायचं आहे.

आईने रहाट सोडला. बाकीच्याही पुढे आल्या. आत्या आली नाही.

"म्हंजी आमी उगा चाललो?"

मी टेप गुंडाळत राहिले.

"लई शिकलीस," आत्या म्हणाली आणि रिकामा हंडा घेऊन घरी गेली.

५ एप्रिल

आत्या बोलत नाही. माझं मोजून झालं की मगच पाण्याला येते. सकाळी "किती आलं गं?" विचारायला कोणी नसतं. मी आकडा उगीच मोठ्याने वाचते. आज १४ फूट ९. तिच्या खिडकीपर्यंत जात असेल.

११ एप्रिल, शनिवार

अलिबागहून आत्ताच आले. पाय दुखतायत पण लिहून टाकते.

पडद्यावर छापील शीर्षक आलं, 'न आटणारी विहीर'. मी म्हटलं, "ही विहीर आटते. शीर्षक चुकलं आहे आणि ते मी चुकवलं आहे." सभागृहात हसू फुटलं. मग फील्डबुकाची ती दोन पानं दाखवली, रेघांसकट. माझ्या एका वाक्यामुळे अकरा घरांच्या बायका एक्केचाळीस दिवस बाराशे पावलं जाऊन पाणी आणत होत्या आणि मी झरा शोधत होते, असं सांगितलं. पुढच्या पानावर विहीर कोणी खणली ते आणि त्या बायकांची नावं. आईचं नाव, रूपा राजेश रोकडे, वाचताना मधेच थांबून पाणी प्यायले.

परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, "मग तुमचा निष्कर्ष काय?"

"मोजणाऱ्याने आधी नीट बोलावं, सर."

हे उत्तर बरोबर होतं का कोण जाणे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. नंबर आला नाही. रुचिताला दुसरा आला. मी टाळ्या वाजवल्या आणि आतून जळले, दोन्ही खरं आहे. पुण्याच्या पत्राचं मॅडम काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पप्पांचा फोन आला, पुढच्या आठवड्यात मॅनेजरला भेटायला ये म्हणतात. बघते म्हटलं.

१३ एप्रिल, सोमवार

उद्या जयंती. दरवर्षी आदल्या दिवशी विहिरीच्या काठाला चुना लावतात आणि ते काम चंद्रभागा आत्याचंच असतं. सकाळी टेप घेऊन गेले तर चुना लावून झाला होता. काठ पांढरा शुभ्र. मी आधी खूण शोधली, कारण ती गेली तर पुढचे आकडे मागच्यांशी जुळणार नाहीत.

खूण तशीच होती. तिच्या चारी बाजूंनी हाताएवढी जागा कोरडी सोडली होती, लाल रंगाला चुन्याचा एक थेंबही लागलेला नव्हता.

आत्या पलीकडे ब्रश धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नंबर नाय आला म्हणं."

"नाही आला."

"तिथं विहिरीचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"अन खणणाराचं?"

"घेतलं. हिरू, बौद्धवाडी, पोशीर. पडद्यावर मोठ्या अक्षरांत."

आत्याने ब्रश झटकून ठेवला. मग हात पदराला पुसले, हंडा उचलला, रहाट सोडला आणि काठोकाठ भरून घेतला. दुसराही भरला. मी टेप हातात धरून उभी होते. हंड्यावर हंडा चढवून ती बाजूला सरकली.

"आता मोज."

टेप सोडला. पाण्याला लागायला फार वेळ लागला.

"किती आलं गं?"

"सोळा फूट एक इंच. खूप खाली गेलं आत्या."

"लिव मंग," आत्या म्हणाली, आणि मी लिहीपर्यंत डोक्यावर दोन हंडे घेऊन तिथेच उभी राहिली.